चार दवाखाने आणि न मोजलेली नाडी

नाशिकमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं जेवण वर्षभरात निम्म्यावर आलं, तर ती मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचते ती बहुतेकदा सगळ्यात शेवटी. आधी दोन घासांत पोट डब्ब होतं म्हणून पोटविकारतज्ज्ञ. एंडोस्कोपी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी आणि ‘थोडं थोडं, हलकं खा’ हा सल्ला मिळतो. मग चार महिने पाळी नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. केस गळतात म्हणून त्वचेचे डॉक्टर. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून फॅमिली डॉक्टरकडे एक सलाइन. पंडित कॉलनीपासून मुंबई नाक्यापर्यंतच्या पाट्या पालथ्या घालून होतात, फाइल जाड होते आणि मुलीचं वजन ५४ वरून ४१ वर येतं. घरात मात्र निदान पहिल्याच महिन्यात झालेलं असतं: नखरे, हट्ट, नाहीतर मोबाइल.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणं टाळत स्वतःला उपाशी ठेवायला लावणारा हा विकार, काही नवा आजार नाही. लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये त्याचं स्वतंत्रपणे वर्णन केलं. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत मन आणि शरीर अशा दोन्ही बाजूंनी जे संशोधन झालं, त्याचा निष्कर्ष आपल्या व्यवस्थेच्या सोयीचा नाही. हा आजार एकट्या मानसोपचार विभागाचा नाही. उपासमार झालेलं शरीर ओळखणं हे त्या पहिल्या चार दवाखान्यांचं काम आहे. ते ओळखायचं ते वजनाच्या उतरणीवरून आणि नाडीवरून. ‘जाड होण्याची भीती वाटते का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून नव्हे. आणि पहिलं औषध अन्नच आहे, समुपदेशन त्याच्या जोडीने.

हे शेवटचं वाक्य पालकांना आणि बऱ्याच समुपदेशकांनाही उलटं वाटतं. आधी मनातली गाठ सुटेल, मग ती आपोआप जेवेल, असा आपला समज असतो. तो मोडणारा प्रयोग १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाला. अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. मनाने खंबीर आणि स्वतःहून आलेले, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे लोक होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरी दिल्या, म्हणजे गरजेच्या निम्म्या. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पुढे जे दिसलं ते ॲनोरेक्सियाच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण दोन-दोन तास लांबवू लागली, ताटल्या चाटू लागली. हसणं-बोलणं आटलं, एकटं राहावंसं वाटू लागलं, चिडचिड आणि उदासी वाढली. अन्न पुन्हा पुरेसं मिळू लागल्यावरही कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊन भूक भागल्यासारखं वाटेना आणि हे महिनोन्महिने चाललं. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता.

म्हणजे ज्या गोष्टींना आपण मुलीचा ‘स्वभाव’ म्हणतो, त्यातला मोठा भाग उपासमारीने आणलेला असतो. घरच्यांसाठी तासन्‌तास स्वयंपाक करायचा आणि स्वतः चाखायचंही नाही, पोळीचे बारीक तुकडे करत बसायचं, मैत्रिणी तोडायच्या. वजन भरून येत नाही तोवर या लक्षणांशी नुसत्या गप्पांनी लढणं वाया जातं. उपाशी मेंदू समजूत ऐकतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी डबा तसाच परत आणतो.

मग त्या ३६ जणांना भूक लागत होती आणि हिला लागत नाही, हे कसं? इथे जीवशास्त्र कामाला येतं. १९६७ मध्ये राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ या संशोधकांनी उंदरांना दिवसातून एकच तास खायला दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. चाक नसलेले उंदीर त्या एका तासाला सरावले. चाक असलेले मात्र दिवसेंदिवस जास्त पळू लागले, मिळालेल्या तासातही कमी खाऊ लागले आणि थांबवलं नाही तर मरेपर्यंत पळत राहिले. त्या पिंजऱ्यात ना आरसा होता, ना इन्स्टाग्राम. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं. पुढच्या प्रयोगांत अशा उंदरांना बाहेरून लेप्टिन दिल्यावर त्यांची पळापळ कमी झाली. अभ्यासही उभ्यानेच करणारी, सोसायटीच्या जिन्यावरून विनाकारण वर-खाली करणारी, पहाटे साडेचारला उठून गोदापार्कवर चालायला जाणारी चाळीस किलोची मुलगी म्हणूनच केवळ ‘फिटनेसचं वेड’ या खात्यात टाकता येत नाही. ती अस्वस्थता शरीरातून येते. तिला व्यायाम बंद करायला सांगणं ही शिक्षा नाही, उपचार आहे.

मेंदूच्या अभ्यासातून आणखी एक धागा हाती लागला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुग्णांना स्कॅनरमध्ये ठेवून वेगवेगळे पदार्थ निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतला सवयींशी निगडित भाग, डॉर्सल स्ट्रायटम, निरोगी मुलींपेक्षा वेगळ्या रीतीने गुंतलेला दिसला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ठरवून केलेलं डाएट पुढे ठरवण्यापलीकडे जातं, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘मनात आणलं तर खाशील’ हे वाक्य त्यामुळेच निरुपयोगी ठरतं. मनात आणण्याचीच वाट बुजलेली असते.

जनुकांचंही तसंच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून ॲनोरेक्सियाचा आनुवंशिक वाटा साधारण निम्मा किंवा थोडा जास्त धरला जातो. २०१९ मध्ये १६,९९२ रुग्ण आणि ५५,५२५ निरोगी व्यक्तींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा जनुकसंचात आठ जागा सापडल्या. त्यांचा संबंध मंत्रचळासारख्या मानसिक आजारांशी होताच, शिवाय इन्सुलिन, कोलेस्टेरॉल आणि शरीराच्या जडणघडणीशीही होता. आजार मनाचा आणि चयापचयाचा असा दुहेरी आहे, ही मांडणी तिथून बळावली. पण ही सगळी माणसं युरोपीय वंशाची होती. आपल्याकडे हा मुद्दा ‘असो’ म्हणून सोडता येत नाही, आणि त्याचा पुरावा लांबचा नाही, पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयचा एकच आकडा दोन देशांत दोन वेगळी शरीरं झाकतो. चरबीचं गणितच वेगळं असेल, तर त्या गणिताशी जोडलेली जनुकंही इथल्याच माणसांत तपासायला हवीत.

दुसरी उसनी गोष्ट म्हणजे प्रश्नावली. लंडनमध्ये १९९९ साली तयार झालेली पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ चाचणी जगभर वापरतात. इतरांना तू बारीक वाटतेस तरी तुला स्वतःला जाड वाटतं का, असा त्यातला एक प्रश्न आहे. आपल्याकडच्या मुली त्यावर सरळ ‘नाही’ म्हणू शकतात, आणि ते खोटं असेलच असं नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तपासलेल्या ७० रुग्णांपैकी ४१ जणांना जाडीची भीती नव्हतीच. पोट भरलेलं वाटतं, भूक नाही, अशी त्यांची कारणं होती. दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ मध्ये ज्या पाच भारतीय मुलींचं वर्णन केलं, त्यांचंही तेच: खाणं बंद, उलट्या, वजन घटलेलं, पाळी बंद, पण आपण जाड आहोत असं कुणी म्हणत नव्हतं. मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये ‘वजन वाढू न देणारं सततचं वागणं’ हेही निदानाला पुरेसं मानलं आणि पाळी बंद असण्याची अट काढून टाकली. आपल्याकडे तरीही ‘ती काही जाडीबिडीला घाबरत नाही हो’ म्हणून फाइल बंद होते.

त्यापेक्षा आदला दिवस विचारावा. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, क्रमाने सांग. वर्षापूर्वी आवडीने खायचीस असे कोणते पदार्थ आता बंद आहेत? सहा महिन्यांपूर्वीचे कपडे होतात का? खाल्ल्यावर अर्धा तास काय करतेस? आणि उपास किती?

उपासाबद्दल नीट बोलायला हवं, कारण इथे दोन्ही टोकांची माणसं आहेत. नवरात्रात कालिका मंदिराच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो बायकांना कुठलाही विकार नसतो, त्या दसऱ्याला श्रीखंड-पुरी खातात. उपास आजार घडवतो असं म्हणणं आगाऊपणाचं आहे. पण झालेला आजार लपवायला उपासाइतका प्रतिष्ठित आडोसा नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या असे वार जमत जातात आणि आजी कौतुक करते. फरक ओळखायची खूण सोपी आहे: ताप आला, परीक्षा आली, डॉक्टरांनी सांगितलं, तर हा उपास सोडता येतो का? आणि पारण्याच्या दिवशी ती इतरांसारखी जेवते का? साबुदाण्याची खिचडी टाळून नुसत्या काकडीवर आणि ताकावर दिवस काढणारी मुलगी देवासाठी उपाशी नाही. उलट टोकाला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा टोमणा आपण हसत मारतो, पण त्यात बुलिमियाचं निम्मं शास्त्र आहे. दिवसभर कडक बंधन, रात्री बांध फुटतो, मग अपराधी वाटून उलटी किंवा जुलाबाच्या गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कडक बंधन. जुलाबाच्या गोळीने कॅलरी जात नाहीत. अन्न लहान आतड्यात आधीच शोषलं गेलेलं असतं, जातं ते पाणी आणि पोटॅशियम. बुलिमियाची रुग्ण वजनाने नेहमीसारखीच असते, त्यामुळे तिला पहिल्यांदा ओळखण्याची संधी दंतवैद्याला असते. वरच्या पुढच्या दातांचा आतल्या बाजूचा एनॅमल झिजलेला, कानाखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या, बोटांच्या पेरांवर घट्टे. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर झीज वाढते. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी. ही माहिती गुन्हा पकडल्याच्या सुरात न देता दिली, तर ती मुलगी परत येते.

आता त्या जाड फाइलकडे. उपासमारीचे रिपोर्ट दिशाभूल करतात, आणि एका ठरावीक रीतीने करतात. ॲनोरेक्सियात कोलेस्टेरॉल अनेकदा वाढलेलं येतं, मग डॉक्टर लिहितात, ‘तेल-तूप बंद’. त्या मुलीला हवी होती तीच चिठ्ठी तिला मिळते, वर शिक्क्यानिशी. टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक कमी येतं. ती शरीराने केलेली काटकसर असते, थायरॉइडचा आजार नव्हे, आणि तिथे थायरॉक्सिन दिलं तर वजन आणखी उतरतं. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक गाठोळ्या दिसतात, पाळी नाही, म्हणून ‘पीसीओएस’ लिहिलं जातं आणि पीसीओएसच्या छापील सल्ल्यात वजन कमी करायला सांगितलेलं असतं! पाळी आणायला संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या की महिन्याला रक्तस्राव होतो, घर निश्चिंत होतं, पण तो गोळ्या थांबवल्याचा रक्तस्राव असतो. अंडाशय अजून बंदच असतात आणि हाडं झिजत राहतात. या वयात हाडांची भरणी व्हायची असते, ती राहिली तर पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. पोट डब्ब होणं हेही न खाण्याचंच फळ आहे. जठर मंदावतं आणि नियमित खाण्याने काही आठवड्यांत सुधारतं. ‘हलकं खा’ हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

सगळ्यात वाईट म्हणजे रक्ताचे रिपोर्ट साफ नॉर्मल येऊ शकतात, अगदी शरीर कोसळायच्या बेतात असतानाही. म्हणून नाडी. पाच मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, तापमान ३५.६ अंश सेल्सियसच्या खाली, किंवा उभं राहिल्यावर वरचा दाब २० पेक्षा जास्त घसरतो, यातलं काहीही दिसलं तर घरी पाठवू नये. ‘रोज पळते ना, खेळाडूचं हृदय असंच असतं’ हे स्पष्टीकरण फार ऐकू येतं. तयारीच्या धावपटूची नाडी आडवी असताना मंद असते हे खरं, पण ती खोलीत चार पावलं चालल्यावर दुपटीवर जात नाही. धावण्याच्या शर्यतींची हौस असलेल्या या शहरात प्रत्येक प्रशिक्षकाला हा फरक माहीत असायला हवा, मुलांच्या बाबतीतही. भरतीसाठी किंवा कुस्तीच्या वजनगटासाठी पाणी तोडणारा मुलगा कुणाच्या यादीतच नसतो.

खायला घालायचं कसं? इथे घाईही नडते आणि भीतीही. उपाशी शरीरात एकदम पिष्टमय अन्न किंवा ग्लुकोजची सलाइन गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देऊ शकतं. म्हणून थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी, ग्लुकोज नंतर. अंधारी आली म्हणून नुसतं ग्लुकोज लावणं नेमकं याच ठिकाणी धोक्याचं आहे. दुसरीकडे, जपून म्हणून आठवडाभर हजार-बाराशे कॅलरींवर ठेवलं तर रुग्णालयातही वजन उतरतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत १२ ते २४ वर्षांच्या रुग्णांना एका गटात २,००० कॅलरींपासून सुरू करून रोज २०० वाढवल्या, दुसऱ्यात १,४०० पासून दिवसाआड २००. जास्त कॅलरींचा गट सुमारे तीन दिवस आधी स्थिरावला आणि क्षारांच्या गडबडी वाढल्या नाहीत. मात्र हे देखरेखीखाली होतं आणि अतिकृश रुग्ण त्यात नव्हते. अशांची सुरुवात कमीपासूनच आणि रुग्णालयातच.

घरी, प्रकृती स्थिर असताना, तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, मध्ये तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. आठवड्याला अर्धा किलो वजन वाढवायला गरजेच्या वर ३,५०० किंवा त्याहून जास्त कॅलरी लागतात, म्हणजे रोज किमान ५००. ताट मोठं करून हे जमत नाही. तेवढ्याच घासांत जास्त भरावं लागतं. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण १००, तिच्यावर दोन चमचे तुपाने आणखी ९०. पंचवीस ग्रॅम दाणे आणि पंधरा ग्रॅम गुळाचा एक लाडू २०० च्या आसपास. म्हशीच्या सायीसकट दुधाचा पेला पुन्हा २००, आणि दुधात फॉस्फेट असतं हा जादा फायदा. सूप, सॅलड, नुसतं वरणाचं पाणी हे आजाऱ्याचं अन्न म्हणून आपण पुढे करतो. इथे ते जागा अडवतं.

ताट कुणी वाढायचं, याचं उत्तरही चाचण्यांतून आलं आहे. किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचारात काही काळ खाण्याचे निर्णय पालक घेतात, मग ते हळूहळू मुलीकडे परत जातात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ मुला-मुलींच्या चाचणीत उपचारानंतर वर्षभराने या पद्धतीतले ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्या मुलीशी बोलण्याच्या पद्धतीतले २३ टक्के. पंगतीची आणि आग्रहाची सवय असलेल्या घरांना ही रीत परकी नाही. फक्त आग्रह एकाचाच हवा आणि कॅलरींची चर्चा ताटावर नको. आई वाढते, बाबा ‘राहू दे, नको असेल तर’ म्हणतात, आत्या ‘आता छान भरलीस हं’ म्हणते, अशा घरात आठवड्याची मेहनत एका जेवणात पाण्यात जाते.

एक आक्षेप रास्त आहे. ज्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याची मुलं कुपोषित आहेत, तिथे गंगापूर रोडच्या मुलींच्या न जेवण्यावर सरकारी पैसा का खर्चावा? पण नीट पाहिलं तर हा आक्षेपच वाट दाखवतो. पाच वर्षांखालच्या तीव्र कुपोषित मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रात नेमकं हेच शास्त्र वापरात आहे: आधी १०० मिलिलिटरला ७५ कॅलरींचं एफ-७५ दूध, भूक परतली आणि सूज उतरू लागली की १०० कॅलरींचं एफ-१००. उपाशी शरीराला कसं सांभाळून भरवायचं, हे तिथल्या परिचारिकेला पाठ असतं. त्याच व्यवस्थेत सोळा वर्षांची मुलगी आली तर मेडिसिनवाले म्हणतात मानसोपचार, मानसोपचारवाले म्हणतात आधी मेडिसिन. कमी आहे ती पैशाची नाही, हद्दीच्या निर्णयाची. नाडी अस्थिर असेतोवर खाट मेडिसिनची किंवा बालरोगाची आणि पहिल्या दिवसापासून मानसोपचारतज्ज्ञाची फेरी, असा नियम जिल्हा पातळीवर ठरवता येतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग अशा सगळ्या अभ्यासक्रमांची परीक्षा ते घेतं, म्हणजे वर म्हटलेल्या चारही दवाखान्यांतला उद्याचा डॉक्टर तिथूनच जातो. मराठीत तयार केलेली, उपासाचा प्रश्न असलेली, जाडीच्या भीतीवर न अडणारी प्रश्नावली शहरी आणि ग्रामीण महाविद्यालयांत पडताळून घेणं हे या विद्यापीठाला शोभणारं काम आहे. शाळांच्या आरोग्य तपासणीत उंची-वजन घेतलं जातंच. ते वर्गासमोर मोठ्याने न वाचता मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहिलं, तर वाढीच्या वयात थांबलेलं किंवा उतरलेलं वजन त्या क्षणी डोळ्यांत भरेल.

यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे वजनकाटा, थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, ईसीजी, ही कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात अपेक्षितच असते. थायमिन स्वस्त आहे. खटकतं ते एकाच जागी: रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत सोडियम-पोटॅशियम येतं, फॉस्फरस (म्हणजे वर म्हटलेलं फॉस्फेट) येत नाही. तो चिठ्ठीवर वेगळा लिहावा लागतो, आणि भरवायला सुरुवात केल्यावर पहिला आठवडाभर रोज लिहावा लागतो.